हृदयाच्या दाहासाठी पेट स्कॅन: "संपूर्ण हृदयात ग्रहण, निष्कर्ष काढता येत नाही" म्हणजे नेमकं काय?

सावली_दुपारची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ४३. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, व्यसन नाही. दोन महिन्यांपूर्वी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडला. ईसीजीत पूर्ण हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे वरच्या कप्प्यांतले विजेचे संकेत खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नव्हते. अँजिओग्राफी स्वच्छ. नाडी ३०च्या घरात होती, त्यामुळे पेसमेकर घाईत बसवला. नंतर नीट पाहिलेल्या इकोत दोन कप्प्यांमधला पडदा वरच्या बाजूला पातळ झालेला दिसला, आणि छातीच्या सीटीत दोन्ही फुफ्फुसांच्या मुळाशी गाठी. कोरडा खोकला तर त्याला चार-पाच महिने होताच, आम्ही कुणी तो मनावर घेतला नव्हता.

डॉक्टरांना सार्कॉइडोसिसची शंका आहे (अवयवांत दाहाच्या पेशींचे पुंजके होणारा आजार). हृदयात दाह चालू आहे का हे बघायला त्यांनी एफडीजी पेट स्कॅन सांगितला. स्कॅनच्या आधी बिचारा १८ तास उपाशी राहिला. काल अहवाल आला, त्यातलं वाक्य जसंच्या तसं देते (जवनिका म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा): "डाव्या जवनिकेच्या स्नायूत सर्वत्र एफडीजीचे ग्रहण. शारीरिक ग्रहण पुरेसे दबलेले नाही. दाहाविषयी निष्कर्ष काढता येत नाही. योग्य पूर्वतयारीनंतर पुन्हा तपासणी करावी."

घरात पहिली दोनच अक्षरं वाचली गेली, "सर्वत्र ग्रहण". आई म्हणते अख्खं हृदय सुजलंय. खिडकीवरच्या माणसाने "पुन्हा करावं लागेल" एवढंच सांगून कागद हातात दिला. आमच्या डॉक्टरांची वेळ पाच दिवसांनी आहे. तोवर कुणी सांगेल का, हे "दबणं" काय प्रकरण आहे? आणि १८ तास उपास करूनही तयारी अपुरी कशी?

शंकासुर

ताई, काळजी घ्या. पण मला एक कळत नाही. महागडं यंत्र, किरणोत्सारी औषध, १८ तास उपास, आणि शेवटी "सांगता येत नाही". हेच आपला मेकॅनिक म्हणाला असता तर आपण गाडी दुसरीकडे नेली असती. एमआरआय का नाही केला?

रात्रपाळी

ताई, आधी आईंना सांगा की अहवालात "अख्खं हृदय सुजलंय" असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट "आम्हाला दिसलं नाही" असं लिहिलंय. मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ म्हणून आयुष्य काढलं. असे स्कॅन मी स्वतः कॅमेऱ्यावर पाहिलेत आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा आला आहे, कारण रुग्णाचा दिवस फुकट गेलेला असतो.

जरा सविस्तर लिहितो.

एफडीजी म्हणजे ग्लुकोजचं सोंग घेतलेला रेणू. ग्लुकोजच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जी जोडी असते ती काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेला असतो. पेशीला फरक कळत नाही, ती त्याला साखर समजून आत घेते. आत पहिली प्रक्रिया होते, फॉस्फेट चिकटतं. पुढच्या पायरीवर मात्र सोंग उघडं पडतं. ना पुढे जाता येत, ना सहज बाहेर पडता येत. रेणू तिथेच अडकतो. जी पेशी जास्त साखर खाते तिथे तो जास्त साठतो आणि कॅमेऱ्यात ती जागा उजळते. यालाच अहवालात "ग्रहण" म्हटलंय. माणसाला हे औषध पहिल्यांदा १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दिलं गेलं, तेव्हा लक्ष मेंदूवर होतं.

दाह असतो तिथे मॅक्रोफेजसारख्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि त्या साखरेवर तुटून पडतात. म्हणून दाह उजळतो. इथवर सरळ आहे.

भानगड पुढे आहे. हृदयाचा स्नायू खाण्याच्या बाबतीत अजिबात चोखंदळ नाही. स्निग्धाम्लं मिळाली तर ती खातो, साखर मिळाली तर साखर, लॅक्टेट मिळालं तर तेही. तुम्ही कर्बोदकं खाल्लीत की इन्शुलिन वाढतं, आणि निरोगी हृदयसुद्धा साखर ओढायला लागतं. मग अख्खं हृदय दिव्यासारखं पेटतं, आणि त्या उजेडात दाहाचा एखादा ठिपका असलाच तरी तो दिसणार कसा? भर दुपारी काजवा शोधण्यासारखं आहे ते.

म्हणून स्कॅनच्या आधी हृदयाला साखर विसरायला लावायची. रक्तात स्निग्धाम्लं भरपूर असली की स्नायू साखर घेणं कमी करतो. हे नातं रँडल नावाच्या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडलं होतं, आणि आमची सगळी पूर्वतयारी त्याच्यावरच उभी आहे. निरोगी स्नायू असा "दबला", म्हणजे काळा पडला, की दाहातल्या पेशी तेवढ्या उजळत राहतात, कारण त्यांचं साखरेवाचून चालत नाही.

तर तुमच्या अहवालातलं "शारीरिक ग्रहण पुरेसे दबलेले नाही" म्हणजे हे: निरोगी स्नायूचं नेहमीचं साखर ओढणं थांबलेलं नव्हतं. दिवसा काजवा दिसला नाही. काजवा आहे की नाही, हा प्रश्न अजून तसाच आहे.

आता तुम्हीच सांगा: उपास सुरू होण्याआधीचं शेवटचं जेवण काय होतं? आणि त्या १८ तासांत पाणी सोडून तोंडात, शिरेत, कुठेही काय काय गेलं? सगळं आठवून लिहा.

अर्धायुष्य

वरचा प्रतिसाद उत्तम. भौतिकशास्त्राची थोडी भर घालतो.

फ्लोरिन-१८मधून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. तो जेमतेम मिलिमीटरभर जाऊन इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन एकमेकांच्या विरुद्ध दिशांना सुटतात. कॅमेऱ्याचं कडं हे दोन्ही फोटॉन एकाच क्षणी पकडतं, म्हणजे उगम त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी आहे हे कळतं. अशा लाखो रेषांमधून चित्र तयार होतं.

शंकासुर पुढचा प्रश्न किरणोत्साराचाच विचारणार, म्हणून आधीच: १० मिलिक्युरी, म्हणजे ३७० मेगाबेक्वेरेल एफडीजी दिलं तर शरीराला साधारण ७ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. सोबतच्या कमी मात्रेच्या सीटीचे थोडे वेगळे. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. अर्धायुष्य ११० मिनिटं. दहा अर्धायुष्यांत, म्हणजे सुमारे १८ तासांत, हजारातला एक भाग उरतो. शिवाय लघवीवाटे जातं ते वेगळं. दुसरा स्कॅन करायला भिण्याचं कारण नाही. मात्र पहिलाच नीट झाला असता तर ही मात्रा वाचली असती, आणि माझ्या मते तक्रार तिथे आहे.

शंकासुर

अर्धायुष्य, मनकवडे आहात. :) पण एमआरआयचं राहिलं.

कवडसा

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. रुग्ण न तपासता निदान करणार नाही, सर्वसाधारण सांगते.

साठीच्या आतल्या माणसाला कारणाशिवाय पूर्ण हार्ट ब्लॉक झाला तर सार्कॉइडोसिस डोक्यात यायलाच हवा. पडदा वरच्या भागात पातळ होणं आणि फुफ्फुसांच्या मुळाशी दोन्हीकडे गाठी, हे त्या शंकेला धरूनच आहे. तुमचे डॉक्टर योग्य दिशेने चाललेत.

एमआरआय विरुद्ध पेट अशी कुस्ती नसते. गॅडोलिनियम (चित्राला उठाव देणारं औषध) देऊन केलेला एमआरआय व्रण फार सुंदर दाखवतो. मायोकार्डायटिससाठी, म्हणजे विषाणूने वगैरे हृदयस्नायूला आलेल्या दाहासाठी, पहिली पसंती त्यालाच. तिथे लेक लुईसचे निकष वापरतात, २००९ चे, २०१८ मध्ये सुधारलेले. पण सार्कॉइडोसिसमध्ये मला दोन वेगळ्या गोष्टी विचारायच्या असतात: जखम आहे का, आणि आग अजून चालू आहे का. जुना व्रण औषधाने जात नाही, चालू आग जाऊ शकते. आगीचं उत्तर पेट जास्त चांगलं देतो, आणि औषध लागू पडलं का हेही पुन्हा स्कॅन करून पाहता येतं. शिवाय इथे पेसमेकर आधीच बसलाय. आजचे पुष्कळसे पेसमेकर एमआरआयला चालतात, तरी यंत्राच्या आसपास चित्र खराब होऊ शकतं.

जखमेचंही उत्तर हवं असतं, म्हणूनच एफडीजीच्या जोडीला रक्तपुरवठ्याचा स्कॅनही करतात. त्याला रुबिडियम-८२ किंवा नायट्रोजन-१३ अमोनिया वापरतात, नसेल तिथे टेक्नीशियमवर साधा गॅमा कॅमेरा. रुबिडियमचं अर्धायुष्य ७६ सेकंद, त्यामुळे तो खेळ फार घाईचा. दोन चित्रं शेजारी ठेवून वाचायची. रक्तपुरवठा कमी आणि एफडीजी जास्त, तर तिथे जखमही आहे आणि दाहही. रक्तपुरवठा कमी आणि एफडीजी नाही, तर बहुधा जुना व्रण. दोन्ही नीट असतील तर निदान आज तरी काही पेटलेलं नाही. ही दुसरी जोडी नसेल तर अर्धी गोष्ट कळते. पुढच्या वेळी ते होणार आहे का, हे नक्की विचारा.

वाचनमात्र

आयडीप्रमाणे वागत होतो, पण आता विचारतोच. हृदयाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की झालं ना? एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

कवडसा

सार्कॉइडोसिस हृदयात ठिगळांसारखा असतो, सगळीकडे सारखा नसतो. शिरेतून चिमटा नेऊन बहुतेक वेळा उजव्या बाजूने पडद्याचे इवलेसे तुकडे घेतात. चिमटा नेमका ठिगळावर पडला तर ठीक, नाहीतर निरोगी स्नायू हाती येतो. चार रुग्णांमागे जेमतेम एकात तुकडा बोलतो असं ढोबळमानाने धरा. तुकड्यात काही मिळालं नाही म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही.

पेटचा इथे एक वेगळाच उपयोग होतो. स्कॅन छातीचा, बऱ्याचदा त्याहून मोठ्या भागाचा घेतात. एखादी गाठ उजळलेली दिसली तर तुकडा तिथून घ्यायचा. हृदयाला हात न लावता निदान!

सावली_दुपारची

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला काजव्याचं सांगितलं, ती जेवली.

@रात्रपाळी, भावाला समोर बसवून विचारलं. शेवटचं जेवण नेहमीचंच, पोटभर. "उद्या उपास आहे म्हणून दाबून जेवलो" म्हणाला, म्हणजे कर्बोदकंच कर्बोदकं. आम्हाला मिळालेल्या कागदावर फक्त "१८ तास उपाशी, पाणी चालेल" एवढंच छापलं होतं. त्याआधी काय खायचं, याबद्दल एक अक्षर नाही.

आणि आता बसा घट्ट धरून. रात्रभर खोकला येत होता म्हणून साहेबांनी घशाच्या चघळायच्या गोळ्या खाल्ल्या. किती, तर "सात-आठ असतील". त्यावर दोन चमचे खोकल्याचं गोड औषध. "ते काय खाणं आहे का? औषध आहे ते!" इति भाऊ.

रात्रपाळी

सापडला चोर. निदान संशयित तरी.

घशाच्या गोळ्या म्हणजे बहुतेक वेळा रंग दिलेली साखरच. सात-आठ गोळ्या रात्रभर, म्हणजे थेंब थेंब साखर आणि त्यामागे थोडं थोडं इन्शुलिन. उपासाचा सगळा डाव मोडायला ते पुरतं. अर्थात छातीवर हात ठेवून सांगणार नाही की कारण तेच. काही हृदयं सगळं काटेकोर करूनही दबत नाहीत, हेही पाहिलंय. पण पुढच्या वेळी निदान हे भोक बुजवलेलं असेल.

माझ्या नोकरीत पाहिलेले "हे काय खाणं आहे का" प्रकार: च्युइंगगम, पुदिन्याच्या गोळ्या, चघळायची जीवनसत्त्वं, चहातलं दूध. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वॉर्डातून आलेल्या रुग्णाला सलाईनमधून चाललेलं डेक्स्ट्रोज. बिचारा रुग्ण शपथेवर सांगतो, पाण्याचा थेंब घेतला नाही. खरंच बोलत असतो. साखर शिरेतून चाललेली असते आणि बाटलीवर लिहिलेलं कुणी वाचलेलं नसतं.

आता नीट तयारी कशी ती सांगतो. तुमच्या विभागाची पद्धत वेगळी असेल तर त्यांचं ऐका, पण त्यांच्याकडून लेखी घ्या. अमेरिकेतल्या अणुवैद्यक आणि आण्विक हृदयविज्ञानाच्या दोन संघटनांनी २०१७ मध्ये मिळून जे मत मांडलं ते साधारण असं: आदल्या दिवशी निदान दोन जेवणं भरपूर स्निग्ध आणि जवळजवळ शून्य कर्बोदकांची, आणि त्यानंतर उपास. नुसता १८ तासांहून मोठा उपास हा दुसरा पर्याय आहे, पण मला एकटा तो कधीच पुरेसा वाटला नाही. माणूस आधी दाबून जेवतो. तुमच्या भावाने तेच केलं, आणि त्याचं काही चुकलं नाही, कुणी सांगितलंच नव्हतं.

जेवणात मांस, मासे, अंडी, तेल, लोणी. धान्य नाही, कंदमुळं नाहीत, फळं नाहीत, दूध नाही, साखर नाही, पीठ लावून तळलेलं नाही. "शुगर-फ्री" लिहिलेलं काहीही विचारल्याशिवाय नाही. आदल्या दिवशी व्यायाम, धावपळ, जड उचलणं नको. काही ठिकाणी एफडीजीच्या पंधरा मिनिटं आधी शिरेतून हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देतात, त्याने रक्तातली स्निग्धाम्लं वाढतात. ते जोडीला, जेवणाच्या बदली नाही.

आणि वही ठेवा. तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट, वेळेसकट. औषधंसुद्धा. ती वही तंत्रज्ञाला दाखवा. वही बघूनच कळतं की औषध टोचायचं की रुग्णाला आज परत पाठवायचं. परत पाठवलं की लोक चिडतात, पण फुकट स्कॅनपेक्षा ते बरं.

नीलपंख

शाकाहारी माणसाने काय करायचं? अंडीही चालत नसतील तर? डाळी-कडधान्यं चालतील का?

रात्रपाळी

डाळी-कडधान्यांत प्रथिनं असतात तशी कर्बोदकंही भरपूर असतात, म्हणून नाही. पनीर किंवा चीज, तेल, लोणी, थोड्या पालेभाज्या एवढ्यावर भागवावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण दोन जेवणांचाच प्रश्न आहे. आहारतज्ज्ञाशी बोलून आधीच ठरवा, आदल्या रात्री नको. मनाने घेणारे लोक "सात्त्विक हलकं" खाऊन येतात आणि ते नेमकं उलटं असतं.

पानगळ

थोडं विषयांतर, पण हृदयाच्या दाहाचाच भाग आहे. मला कृत्रिम झडप आहे. ती बसवल्यावर दीड वर्षाने महिनाभर ताप येत होता, रक्तात जंतू सापडले. इकोत झडपेच्या धातूची सावली पडत असल्याने काही स्पष्ट दिसत नव्हतं. तेव्हा माझाही पेट झाला, हीच स्निग्ध जेवणं, हाच उपास. झडपेच्या कड्याभोवती एका बाजूला उजळलं.

तरी डॉक्टर थांबले. म्हणाले, शस्त्रक्रियेत वापरलेला गोंद किंवा नुसतं भरून येणंसुद्धा उजळू शकतं. मग माझंच रक्त काढलं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्यांना टेक्नीशियम चिकटवलं आणि परत मलाच टोचलं. चार तासांनी एक चित्र, दुसऱ्या दिवशी एक. पेशी तिथेच जाऊन बसल्या होत्या. म्हणजे जंतुसंसर्ग. पुन्हा शस्त्रक्रिया झाली, आज ठणठणीत आहे.

तो पेशींचा स्कॅन फार वेळखाऊ, पण मला त्याचं कौतुक वाटतं. आपलेच शिपाई पाठवून शत्रू कुठे लपलाय ते शोधायचं.

कवडसा

पानगळ, विषयांतर मुळीच नाही. कृत्रिम झडपेच्या एंडोकार्डायटिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गात, पेटला आता मानाचं पान आहे. युरोपीय मार्गदर्शनात तो २०१५ मध्ये आला आणि २०२३ च्या सुधारित ड्यूक निकषांत (या संसर्गाचं निदान त्यांवरून ठरवतात) तो मुख्य निकष धरला गेला, झडप बसवून तीन महिने उलटलेले असतील तर. त्याआधी उजळलं तर वजन कमी, कारण जखम भरून येतानाही पांढऱ्या पेशी असतातच. मूळ झडपेच्या संसर्गात मात्र पेट बऱ्याचदा काहीच दाखवत नाही. तिथे "पेट स्वच्छ" म्हणून निर्धास्त होणं धोक्याचं.

पांढऱ्या पेशींचा स्कॅन पेटपेक्षा कमी वेळा उजळतो, पण उजळला की जास्त खरा बोलतो.

शंकासुर

माझी गाडी परत तिथेच. कर्करोगाला हेच औषध, जंतूंना हेच, सार्कॉइडोसिसला हेच. सगळंच उजळतं तर निदान कसलं डोंबलाचं? उद्या क्षयाच्या गाठी उजळल्या तर?

कवडसा

उजळतात. आणि हा तुमचा आजवरचा सर्वोत्तम प्रश्न आहे, कोपरखळी सोडली तर.

एफडीजी "इथे साखर खाल्ली जातेय" एवढंच सांगतं. कोण खातंय ते सांगत नाही. क्षय, लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) आणि सार्कॉइडोसिस या तिघांच्याही छातीतल्या गाठी पेटवर सारख्याच दिसू शकतात. चूक झाली तर क्षयाच्या माणसाला स्टेरॉइड सुरू होतात, आणि मग क्षय मोकाट सुटतो. म्हणून उजळलेली गाठ दिसली की तिचा तुकडा हवाच, आणि तो क्षयासाठीही तपासायला हवा.

हृदयातसुद्धा उजळण्याचा आकार बघावा लागतो. डाव्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीवर एकटीच सौम्य झाक असेल आणि रक्तपुरवठा चांगला असेल, तर ती पुष्कळदा निरोगी माणसातही असते. पडद्याच्या वरच्या भागात ठळक ठिपका, तिथेच रक्तपुरवठा कमी, तर माझे कान टवकारतात. उजव्या जवनिकेत उजळलं तर मी जास्त सावध होते, अशा रुग्णांत लयीचे धोकादायक बिघाड अधिक दिसलेत. आणि पेसमेकरच्या तारांपाशी, सीटीवरून पेटच्या चित्राची जी दुरुस्ती करतात तिच्यामुळे खोटी चकाकी येते, म्हणून दुरुस्ती न केलेलं चित्रही उघडून बघायचं असतं.

अर्धायुष्य

थोडा इतिहास, कारण "सगळंच उजळतं" ही तक्रार जुनी आहे. एफडीजीच्या आधी दाहासाठी गॅलियम-६७ वापरत. अर्धायुष्य ७८ तास. टोचून दोन-तीन दिवस थांबायचं आणि मग चित्र, तेही धुकट. १९८०च्या दशकात मायोकार्डायटिससाठी ते बरंच वापरून पाहिलं गेलं. त्याच सुमाराला इंडियम-१११ लावलेली मायोसिनविरोधी प्रतिपिंडं आली, ती मेलेल्या स्नायूपेशी शोधायची. दोन्ही मागे पडली.

आता उलट दिशेने प्रयत्न चालू आहेत. मॅक्रोफेजवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही असतात, त्यांना चिकटणारा गॅलियम-६८ डोटाटेट. निरोगी हृदयस्नायू तो जवळजवळ घेतच नाही, म्हणून आहाराची भानगडच नाही. सार्कॉइडोसिसमध्ये तो वापरून बघताहेत. पण एफडीजीइतका अनुभव त्याच्या गाठीशी अजून नाही.

रात्रपाळी

ज्या दिवशी ते सर्रास होईल त्या दिवशी मी लाडू... नको, साखर. :)

सावली_दुपारची

अपडेट देते, तीन आठवड्यांनी.

दुसरा स्कॅन दुसऱ्या केंद्रात झाला. तिथल्या मुलीने तीन दिवस आधी फोन करून सगळी औषधं विचारली. खोकल्याचं गोड औषध बंद करून डॉक्टरांनी गोळी दिली. भावाने दोन स्निग्ध जेवणं कशीबशी संपवली, मग १४ तास उपास. वही ठेवली, त्यात रात्री २.१० ला "पाणी, अर्धा ग्लास" अशी नोंदसुद्धा आहे. औषध टोचल्यावर तासभर अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायला सांगितलं. बोलायचंही नाही म्हटल्यावर त्याला उपासापेक्षा तेच जड गेलं.

अहवाल: बाकीचा हृदयस्नायू पूर्ण दबलेला. पडद्याच्या वरच्या भागात ठळक ग्रहण, तिथेच रक्तपुरवठा कमी. उजवी जवनिका स्वच्छ. छातीत दोन्ही बाजूंच्या गाठी उजळलेल्या.

दोन्ही स्कॅनची चित्रं शेजारी ठेवून पाहिली. पहिल्यात हृदय म्हणजे पेटती कढई. दुसऱ्यात काळोख, आणि काळोखात एकच ठिपका. तो पहिल्या दिवशीही तिथेच असणार.

कवडसा

उत्तम तयारी. आता गाठीचा तुकडा?

सावली_दुपारची

हो. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, सोनोग्राफीवर बघत सुईने घेतला. ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचे पुंजके, आहेत, पण क्षयात असतो तसा मध्ये कुजका भाग नाही. क्षयाच्या तपासण्या आतापर्यंत कोऱ्या, कल्चरचा शेवटचा निकाल यायला अजून काही आठवडे. @शंकासुर, तुमच्या प्रश्नामुळे मी डॉक्टरांना कल्चरबद्दल दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ते हसले.

शंकासुर

माझा कुणाला उपयोग झाल्याची ही पहिलीच वेळ. धागा वाचनखुणांत टाकतोय.

सावली_दुपारची

बऱ्याच दिवसांनी वर आणतेय, सहा महिने झाले.

कल्चर कोरं आलं. स्टेरॉइड सुरू झाले, मागाहून मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) जोडलं आणि स्टेरॉइड हळूहळू उतरवताहेत. चेहरा गोल झालाय, रागही लवकर येतो. पेसमेकर बदलून त्याजागी गरज पडल्यास झटका देणारं यंत्र बसवलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात नुसत्या पेसमेकरवर भागवायचं नसतं.

मागच्या आठवड्यात तिसरा स्कॅन. तयारी आता त्याला तोंडपाठ आहे. ठिपका गेला, गाठीही विझल्या. पण रक्तपुरवठ्याच्या चित्रात पडद्याची ती जागा अजून तशीच कमी आहे. मी विचारलं, ती कधी भरणार? डॉक्टर म्हणाले, "तो व्रण आहे. आग विझली, भिंत जळली ती जळली." ब्लॉकही तसाच आहे. यंत्र कायम राहणार.

वाचनमात्र

म्हणजे पहिला स्कॅन वाया गेला ते तीन आठवडे नसते तर...?

कवडसा

तीन आठवड्यांनी ती भिंत वाचली असती असं मी म्हणणार नाही. पडदा पातळ व्हायला खूप आधी सुरुवात झाली होती. खोकला सुरू झाला तेव्हा छातीचा एक्स-रे काढला असता तर कदाचित.

घागर

नवीन आहे इथे. आईचा हाच स्कॅन उद्या सकाळी ९ ला आहे. तिला मधुमेह आहे, रात्री इन्शुलिन घेते. आम्हाला फक्त "उपाशीपोटी या" सांगितलंय. हा धागा आत्ता सापडला. इन्शुलिन द्यायचं की नाही? दुपारी ती नेहमीसारखी जेवली आहे.

रात्रपाळी

इथल्या कुणाच्याही सांगण्यावरून इन्शुलिन देऊ नका आणि थांबवूही नका. इन्शुलिनमुळे हृदय साखर ओढतं हे खरं, पण मनाने बंद केलं तर साखर चढेल, ते आणखी वाईट. विभागाला आत्ता फोन करा. उचलला नाही तर तिच्या डॉक्टरांना करा. तीन गोष्टी सांगा: इन्शुलिन कोणतं आणि किती, शेवटचं कधी घेतलं, दुपारी काय जेवली. स्कॅनची तारीख पुढे ढकलू का, असं तुम्हीच विचारा. विचारायला लाजू नका.

घागर

लागला फोन. गुरुवारवर ढकलला. इन्शुलिनचं तिचे डॉक्टर उद्या ठरवून सांगणार आहेत, आणि जेवणाचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला त्यांनी. होता म्हणे त्यांच्याकडे.